मेनिएर आजारात शस्त्रक्रिया केल्यास ऐकू येणे जाते का?

आपल्या वडिलांना डाव्या कानाचा मेनिएर आजार आहे, दोन वर्षे औषधे घेऊनही चक्कर थांबत नाही आणि आता डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे. ती करावी का आणि तिच्यामुळे ऐकू येणे जाईल का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, परंतु याच आजारासाठी माझ्या उजव्या कानाची शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणून लिहीत आहे.

सगळा निर्णय त्या कानाला आता कितपत ऐकू येते आणि दुसरा कान किती धड आहे, यावर ठरतो. या आजारात आंतरकर्णातला, म्हणजे कानाच्या सर्वांत आतल्या भागातला, एंडोलिम्फ नावाचा द्रव प्रमाणाबाहेर साठतो, आणि ऐकण्याचा व तोल सांभाळण्याचा भाग याच द्रवाने जोडलेला असल्यामुळे गरगरणे, कानाला दडा बसणे, कानात सतत आवाज येणे आणि ऐकू कमी येणे ही सगळी लक्षणे हातात हात घालून येतात. त्यामुळे तोलाच्या भागावर इलाज करताना ऐकण्याच्या भागाला धक्का लागेल का, हे प्रत्येक उपायाबाबत डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे.

मीठ कमी करणे, बीटाहिस्टिन हे चक्करीवरचे औषध व लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि कानाच्या पडद्यातून स्टिरॉइडचे इंजेक्शन हे टप्पे होऊन गेले आहेत का, ते आधी पाहा. त्याच मार्गाने जेंटामायसिन हे प्रतिजैविकही देतात; ते तोलाच्या पेशी निकामी करते, मात्र काही रुग्णांची श्रवणशक्तीही त्याने घटते. ऐकू चांगले येत असेल, तर कानामागचे हाड कोरून एंडोलिम्फची पिशवी मोकळी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते. तिचा ऐकण्याला धोका कमी असला, तरी तिच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील चाचणीत काही रुग्णांचे फक्त हाड कोरले होते, पिशवीला हात लावला नव्हता, आणि तरीही त्यांना जवळजवळ तेवढाच आराम पडला. त्या निष्कर्षावरचा वाद पुढे बरीच वर्षे चालला. तोलाची नस कापण्याच्या शस्त्रक्रियेत ऐकू येणे बहुधा टिकते, पण त्यासाठी कवटी उघडावी लागते.

माझ्या उजव्या कानाला फोनवरचे बोलणेसुद्धा कळेनासे झाले होते आणि दोनदा तर मी काहीही सूचना न मिळता उभी कोसळले होते, म्हणून लॅबिरिन्थेक्टमी केली. तिच्यात तोलाचा अवयवच काढून टाकतात, त्यामुळे त्या कानाचे उरलेसुरले ऐकणे पूर्णपणे जाते. पुढचे दोन दिवस मला समोरचे घड्याळ एका बाजूला सरकत असल्यासारखे दिसत होते, कारण डोळेच आपोआप हलत होते. तिसऱ्या दिवशी भिंतीला हात लावून मी खोलीच्या दारापर्यंत गेले. एका बाजूने येणाऱ्या माहितीवर तोल सांभाळायला मेंदू शिकतो, पण त्याला चालत राहूनच शिकवावे लागते. मान डावी-उजवीकडे वळवत चालण्याचा व्यायाम मी तीन महिने रोज केला. तो मोठा झटका नंतर आला नाही. मात्र न्हाताना डोळे मिटले की अजूनही नळाला धरावे लागते, आणि अंधारात जिना उतरणे मी टाळते.

आपल्या वडिलांचा उजवा कानही कमजोर असेल, तर माझ्यासारखी शस्त्रक्रिया करण्याआधी दुसऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे, कारण हा आजार काही वर्षांनी दुसऱ्या कानातही उतरू शकतो आणि दोन्हीकडचा तोल गेला तर चालणेच कठीण होते. अलीकडचा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख), एमआरआय आणि झटक्यांची तारीखवार नोंद सोबत न्यावी. झटका किती वेळ टिकला, हेही त्या नोंदीत असू द्या: मेनिएरचा झटका साधारण वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत चालतो, आणि कुशीवर वळताच काही सेकंदांपुरते गरगरत असेल, तर ते बहुधा कानातील कण सरकल्याने होते व डोके ठरावीक पद्धतीने फिरवून बरे करता येते. एकाच माणसाला दोन्ही त्रास असू शकतात.