आराखड्यातले ध्येय नेमके कोणाचे?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा असून त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे शरीराच्या हालचालींवर परिणाम करणारी अवस्था) आहे. तो व्हीलचेअर वापरतो आणि चित्रफलकावर बोट ठेवून किंवा मानेने होकार-नकार देऊन बोलतो. त्याच्या सहाय्य आराखड्याचा, म्हणजे त्याची ध्येये आणि त्यांसाठी लागणारी मदत यांच्या लेखी योजनेचा, वार्षिक आढावा जवळ आला आहे. मागील आराखड्यात ‘संवादकौशल्य वाढवणे’, ‘स्नायूंची लवचिकता टिकवणे’ आणि ‘स्वावलंबन वाढवणे’ अशी तीन ध्येये होती. त्याआधीच्या वर्षीही तीच होती. ती चुकीची आहेत असे म्हणवत नाही, पण त्यांत माझा भाऊ कुठेच दिसत नाही. या वेळी काय लिहावे?

उत्तर : आपण दिलेली तिन्ही वाक्ये दुसऱ्या कोणाच्याही आराखड्यात जशीच्या तशी बसतील, आणि हीच त्यांची उणीव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये स्वीकारलेल्या, आरोग्य व अपंगत्व यांविषयीच्या वर्गीकरणात शरीराची कार्ये, व्यक्तीच्या कृती आणि जीवनातील सहभाग यांचा वेगवेगळा विचार केलेला असून परिसरातील सोयी व अडथळे यांनाही स्वतंत्र स्थान आहे. बरेचसे आराखडे शरीराच्या कार्यांपाशीच थांबतात, कारण तो भाग तज्ज्ञांच्या ओळखीचा असतो. ध्येय मात्र सहभागाविषयी असावे, आणि व्यायाम, वाचा-उपचार, उपकरणे यांची नोंद त्यासाठी लागणारे सहाय्य म्हणून खाली यावी. समजा, त्याला मैदानावर जाऊन सामने पाहायला आवडते. मग ‘घरच्या माणसांशिवाय, मित्रासोबत सामना पाहायला जाणे’ असे ध्येय लिहिता येईल. त्यासाठी फलकावर नवी चित्रे लागतील, व्हीलचेअरवर बराच वेळ त्रास न होता बसता येईल अशी बैठक लागेल, आणि त्याच्या बरोबर जाणाऱ्या सहाय्यकाला त्याची होकार-नकाराची पद्धत नीट कळलेली असावी लागेल. संवाद आणि लवचिकता यांसाठीचे प्रयत्न त्यात आपोआप येतात.

हे ‘समजा’ मात्र मी किंवा आपण ठरवायचे नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने 2006 मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचे 12 वे कलम निर्णय घेण्यासाठी आधार मिळण्याचा हक्क मान्य करते; निर्णय दुसऱ्याने घेऊन टाकणे त्याला अभिप्रेत नाही. आढाव्याच्या बैठकीत, परक्या माणसांसमोर, ‘तुला काय हवे?’ असे एकदम विचारल्यास चित्रफलक वापरणाऱ्या व्यक्तीकडून उत्तराची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. बैठकीच्या काही आठवडे आधीपासून वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी, ठोस पर्याय समोर ठेवून विचारावे. पर्यायांचा क्रम बदलून आणि प्रश्न उलटा करूनही विचारावे, म्हणजे होकार केवळ सवयीचा किंवा समोरच्याला बरे वाटावे म्हणून दिलेला आहे का, ते कळते. ‘यांपैकी काहीच नाही’ हा पर्याय फलकावर असलाच पाहिजे. जी गोष्ट त्याने कधी अनुभवलेलीच नाही ती तो मागणार कशी, हेही लक्षात घ्यावे. काही वेळा पहिल्या वर्षाचे प्रामाणिक ध्येय ‘चार नव्या गोष्टी करून पाहणे’ एवढेच असते. आणि घरातल्यांनी, प्रेमापोटी का होईना, त्याच्या आधी उत्तर देण्याचे टाळावे. हे सर्वांत कठीण जाते.

‘स्वावलंबन वाढवणे’ या ध्येयाबद्दल माझे मत थोडे परखड आहे. स्वतः शर्ट घालण्यात सकाळचा पाऊण तास आणि अंगातली सगळी शक्ती खर्च होत असेल, तर ते काम सहाय्यकाला देऊन ती शक्ती आवडीच्या कामासाठी राखणे हाही स्वतंत्र माणसाचाच निर्णय आहे. तो त्याने घेतलेला असावा, इतकेच पाहावे.

ध्येय मोजता आलेच पाहिजे, असा आग्रह बैठकीत धरला जाईल. त्यामागे ‘स्मार्ट’ या नावाने प्रसिद्ध असलेले, उद्दिष्ट नेमके, मोजता येण्याजोगे, मुदतीचे वगैरे असावे असे सांगणारे पाच निकष आहेत. ते जॉर्ज डोरन यांनी 1981 मध्ये व्यवस्थापनासाठी मांडले होते, आणि प्रत्येक उद्दिष्टात पाचही निकष असतीलच असे नाही, हे त्यांनीच नोंदवले होते. मोजता येते म्हणून क्षुल्लक ध्येय निवडण्यापेक्षा 1968 मध्ये किरेसुक आणि शर्मन यांनी सुचवलेली पाच पायऱ्यांची पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. तिच्यात अपेक्षित फळाला शून्य धरून वर अधिक 2 पर्यंत आणि खाली उणे 2 पर्यंत पायऱ्या त्या व्यक्तीपुरत्याच लिहितात. महिन्यातून एकदा मित्रासोबत सामन्याला जाणे ही शून्याची पायरी, दोनदा जाणे ही अधिक 1, आणि कोणासोबत व केव्हा जायचे हे स्वतः ठरवून जाणे ही अधिक 2, अशी मांडणी करता येईल. एखाद्या वर्षी अपेक्षित पायरी गाठली नाही, तर आधी सहाय्य पुरेसे होते का ते तपासावे. दोष भावाच्या प्रयत्नांवर ढकलू नये.

प्रश्न : मला स्नायूंचा वाढत जाणारा आजार आहे. माझी शक्ती वर्षागणिक कमीच होणार असताना आराखड्यात ‘प्रगती’ काय लिहू?

उत्तर : प्रगती लिहिण्याची सक्ती स्वतःवर करून घेऊ नका. ‘माझे काम आणि मित्रमंडळ यांतील माझे स्थान टिकवणे’ हे पूर्ण ध्येय आहे, आणि त्यासाठी लागणारे सहाय्य वाढत जाणार, हे आराखड्यात आधीच नोंदवून ठेवावे. हाताने टंकलेखन जमत आहे तोवर आवाजाने किंवा नजरेने संगणक चालवण्याचा सराव सुरू करावा. बोलणे अस्पष्ट होण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली असेल, तर पुढे संगणकाला आपल्याच आवाजात बोलता यावे म्हणून स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम याच वर्षात घ्यावे, कारण बोलणे अस्पष्ट झाल्यावर ते नीट करता येत नाही. वार्षिक आढाव्याची वाट न पाहता कोणता बदल दिसताच आराखडा पुन्हा उघडायचा, उदाहरणार्थ रात्री कूस बदलण्यासाठी मदत लागू लागणे, हेही त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे.