फ्रेंच भाषेवर जीव आहे, पण पॅरिसच्या दुकानात तोंड उघडलं की समोरचा इंग्रजीत का बोलतो?

बहुतेक वेळा पहिलंच वाक्य चुकतं. आत शिरताच थेट ‘एक बगेत’ (लांब फ्रेंच पाव) म्हणणं तिथे उद्धटपणा समजतात. आधी ‘बोंजूर मादाम’ किंवा ‘बोंजूर मस्यू’, मग क्षणभर थांबा, उत्तर येऊ द्या, आणि मगच मागणी. संध्याकाळी ‘बोंस्वार’.

उच्चारात ‘बों’ नाकातून काढून तिथेच सोडायचा, पुढे ‘न’ लावायचा नाही. मराठी माणसाला हे जड नाही. ‘र’ मात्र जिभेचं टोक न हलवता घशातून.

अनोळखी माणसाला ‘व्हू’, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. इथे ‘त्यू’, म्हणजे ‘तू’, खटकतं. शेवटी ‘सिल व्हू प्ले’, म्हणजे ‘कृपया’, हवंच.

पाव घेताना ‘यून त्रादिस्यों’, म्हणजे पारंपरिक पद्धतीची बगेत, मागा. १९९३ च्या सरकारी आदेशानुसार या पावात अ‍ॅडिटिव्ह घालता येत नाहीत आणि मळलेलं पीठ गोठवताही येत नाही. साध्या बगेतला ते बंधन नाही. कमी भाजलेला हवा असेल तर ‘पा त्रो क्वीत’.

तरीही समोरचा इंग्रजीत वळला तर मनावर घेऊ नका. मागे रांग असते, त्याला घाई असते. तुम्ही फ्रेंचच चालू ठेवा, बरेचदा तोही परत फ्रेंचवर येतो. निघताना ‘ओरव्वार’ विसरू नका.