४,२९,४९,६७,२९७ मूळ आहे का?

प्रश्न : ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला २, ३, ५, ७, ११, १३ यांपैकी कशानेच निःशेष भाग गेला नाही. मग ती मूळ म्हणायची का? नसेल, तर आणखी किती संख्यांनी भागून पाहायचं?

उत्तर : एवढ्यावरून मूळ म्हणता येत नाही. नुसतं भागत गेलात तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्या तपासाव्या लागतील. पण ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, आणि सगळी गंमत तिथेच आहे. समजा, हिला 'प' या मूळ संख्येने भाग जातो. मग २ च्या ३२ व्या घाताला प ने भागल्यावर बाकी −१ उरते (म्हणजे पूर्ण भागाला एक कमी पडतो) आणि ६४ व्या घाताला १. त्याआधीच्या कुठल्याही घाताला बाकी १ येत नाही. प मूळ असल्याने २ च्या प − १ व्या घातालाही बाकी १ च येते, म्हणून प − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. म्हणजे ६४ च्या पटीत १ मिळवून ज्या मूळ संख्या मिळतात, तेवढ्याच तपासायच्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१...

पाचवीलाच भाग जातो. ६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७. २ च्या १, २, ४, ८, १६ या घातांत १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ अशा मूळ संख्या मिळतात. त्यावरून फ्रेंच गणिती फर्माला १६४० च्या सुमारास पुढच्याही मूळच असतील असं वाटलं होतं. स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये हाच ६४१ दाखवून ते खोडून काढलं.

भागाकार हाताने करताना चूक एका ठरावीक जागी होते. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, बाकी ४४८. पुढचा ९ उतरवला की ४४८९, त्यात सात वेळा, बाकी २. आता ६ उतरवला तर २६, मग ७ उतरवला तर २६७. दोन्ही ६४१ पेक्षा लहान, म्हणून भागाकारात दोन शून्यं लिहायलाच हवीत. ती विसरली की उत्तर ६७,४१७ येतं. पुढे २६७२ मध्ये चार, १०८९ मध्ये एक, ४४८७ मध्ये सात, बाकी शून्य.

कॅल्क्युलेटर वापरत असाल तर २५७ पाशी जपा. उत्तर १,६७,११,९३५.००७७... येतं. दहा अंकी पडद्यावर पुढचे अंक छाटले गेले तर शेवटी नुसती .०० दिसते आणि भाग पूर्ण गेल्यासारखा वाटतो. उलटा गुणाकार करा: १,६७,११,९३५ × २५७ = ४,२९,४९,६७,२९५. दोन कमी पडतात, म्हणजे बाकी २.

प्रश्न : ६७,००,४१७ चे आणखी अवयव पडतात का?

उत्तर : नाही. तिचा कुठलाही अवयव ४,२९,४९,६७,२९७ चाही अवयव असणार, म्हणून तोच नियम इथेही लागतो. ६४१ पेक्षा लहान सगळे आधीच बाद झाले आहेत आणि वर्गमूळ २,५८८ च्या आसपास आहे. नियम आणखी कडक करता येतो: प − १ ला ६४ नव्हे, १२८ ने भाग जावा लागतो. मग उरतात फक्त ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. चारही भागून पाहा, एकानेही निःशेष भाग जात नाही.