वाचकांचे प्रश्न : जुना प्रिंटर वाय-फायवर

प्रश्न : एचपी लेझरजेट १०२० अजून ठणठणीत आहे, पण यूएसबीशिवाय चालत नाही. रास्पबेरी पाय हा छोटा काँप्युटर लावून मोबाइलवरून प्रिंट काढता येईल का? (वाचक, सांगली)

उत्तर : येईल. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू पुरेसा आहे. सोबत १६ जीबीचं मेमरी कार्ड, ५ व्होल्ट २.५ अँपिअरचा ॲडॉप्टर आणि प्रिंटर जोडायला मायक्रो यूएसबीची ओटीजी केबल घ्या. बोर्डावर दोन सारखीच दिसणारी मायक्रो यूएसबी पोर्ट आहेत. कडेचं फक्त पॉवरसाठी. ओटीजी त्यात लावलीत तर प्रिंटर दिसणारच नाही. ती शेजारच्या, आतल्या बाजूच्या पोर्टात जाते.

रास्पबेरी पाय ओएस लाइट ही ऑपरेटिंग सिस्टिम कार्डावर टाकतानाच वाय-फायचं नाव, पासवर्ड भरा आणि एसएसएच (दुसऱ्या काँप्युटरवरून पायला आज्ञा द्यायची सोय) चालू करा. नाव २.४ गिगाहर्ट्‌झच्या नेटवर्कचंच हवं, ५ गिगाहर्ट्‌झ हा बोर्ड पकडत नाही. मग कप्स (प्रिंटिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि एचपीलिप (एचपी प्रिंटरचे ड्रायव्हर) बसवा, आपला यूजर 'एलपीॲडमिन' या प्रिंटर जोडायचे अधिकार असलेल्या ग्रुपमध्ये घाला आणि कप्सला नेटवर्कवरून उघडायची परवानगी द्या. आता ब्राउझरमध्ये पायचा आयपी पत्ता आणि ६३१ हा पोर्ट टाकला की प्रिंटर जोडायचं पान येतं. सर्टिफिकेटची सूचना दिसेल, घाबरू नका. शेअरिंगच्या चौकटीत टिक मात्र हवीच. राउटरमध्ये पायचा आयपी कायम करून ठेवा, नाहीतर पत्ता बदलला की विंडोजमधला प्रिंटर 'ऑफलाइन' होऊन बसतो.

खरी गोम १०२०मध्येच आहे. त्याचं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, आत टिकत नाही. बटण बंद केलं की पुसलं जातं, आणि चालू केल्यावर जोडलेल्या काँप्युटरने ते पुन्हा चढवायचं असतं. त्यासाठी एचपीलिपचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) वेगळं उतरवावं लागतं. ते राहिलं, तर सगळं नीट जोडलेलं दिसतं आणि कागद काही हलत नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

मोबाइलला प्रिंटर सापडला नाही तर आधी मोबाइल गेस्ट वाय-फायवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर) तर नाही ना, ते बघा.

प्रश्न : कॅननच्या एलबीपी २९००ला हेच चालेल? (वाचक, म्हापसा)

उत्तर : इतकं सरळ नाही. पाय लिनक्सवर चालतो. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर इंटेलच्या धर्तीच्या प्रोसेसरसाठी आहे, पायचा प्रोसेसर एआरएम या वेगळ्या जातीचा. हौशी मंडळींनी लिहिलेला ड्रायव्हर आहे, पण प्रायोगिक. रोजच्या कामाला त्याच्यावर विसंबू नये. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर विंडोज ठेवून प्रिंटर शेअर करा. लॅपटॉप झोपी जाणार नाही, असं सेटिंग करायला विसरू नका.