गावाने निवडलेले धान कोणाच्या नावावर?

प्रश्न : आम्ही सिंदेवाही तालुक्यातील सात शेतकरी आहोत. एकाच्या बांधीत (धानाच्या शेतात) वेगळ्या दिसलेल्या लोंब्या जपून आम्ही पाच हंगामांत बारीक आणि लवकर निसवणारे (लोंब्या बाहेर टाकणारे) धान निवडले. आता संशोधन केंद्रातील एक अधिकारी चाचणीसाठी बियाणे मागत आहेत. द्यावे का?

उत्तर : अवश्य द्यावे, मात्र त्यासोबत कागदही करून घ्यावा. तुमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास पटेल-३ धानातून वेगळ्या लोंब्या वेचून ‘एचएमटी’ वाण उभे केले. घड्याळावरून पडलेले ते नाव दूरवर गेले, पुढे पंजाबराव कृषी विद्यापीठाचे (पीकेव्ही) ‘पीकेव्ही-एचएमटी’ही आले आणि श्रेय कोणाचे हा वाद उरला. त्या काळी शेतकऱ्याच्या हाती कायदा नव्हता.

आता २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. त्यानुसार शेतकऱ्यांचा गटही वाणाची नोंदणी मागू शकतो, त्यासाठी शुल्क लागत नाही आणि धानाला एकूण १५ वर्षांचे संरक्षण मिळते. अर्जावर गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा किंवा जिल्हा कृषी अधिकाऱ्याचा दाखला चालतो. सातही जणांची नावे अर्जात घालावीत. बांधी ज्याची होती त्याच्या एकट्याच्या नावाने अर्ज केला, तर पुढे भांडण ठरलेलेच.

खरी कसोटी चाचणीत आहे, कारण नोंदणीसाठी वाण इतरांहून वेगळे, एकसारखे आणि पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहणारे असावे लागते. म्हणून या खरिपात थोडी बांधी राखून ठेवा, इतर धानापासून किमान तीन मीटर अंतर सोडा आणि एका जागी एकच पऱ्हा (रोप) रोवा. नेहमीसारखे तीन-चार पऱ्हे एकत्र रोवले, तर भेसळीचे रोप चुडात (रोपांच्या झुबक्यात) लपते. एकटे असले की बुडाचा रंग, निसवण्याचा दिवस आणि दाण्याचे कूस वेगळे दिसते. असे रोप लोंबी पिकण्याआधीच मुळासकट उपटावे. हे काम रोज धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) फिरणारी घरची बाई जितके नेमके करते, तितके आपल्यातले बरेच पुरुष करत नाहीत, हे अनुभवाने सांगतो.

केंद्राला बियाणे देताना वजन, तारीख, निवड करणाऱ्यांची नावे आणि ‘केवळ चाचणीसाठी’ हे शब्द लिहून पोच घ्यावी. त्याच बियाण्याची दुसरी थैली सर्वांच्या सह्यांनिशी शिवून गावात ठेवावी.