सकाळी १५०० ठीक, पण मुरारला पोहोचल्यावरही ११०० का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, जानेवारीच्या सकाळी सुरू केली की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १५०० च्या आसपास, ग्वाल्हेरच्या जिवाजीगंजातून मुरारला पोहोचलात तरी ११०० च्या खाली उतरत नाही, आणि अ‍ॅव्हरेज १६ वरून १२ वर आलंय. मिस्त्री म्हणतो थ्रॉटल बॉडी (इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणारा भाग) बदला, काका म्हणतात स्क्रू फिरवून रेस कमी करून घे. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये गाडी गरम झाली होती तेव्हा 'कूलिंगचं काम' करून घेतलं. माझा संशय त्या शेवटच्या वाक्यावर आहे. पण आधी १५०० चं बघू.

पहाटे ५-६ अंशांत इंजिन जे करतंय ते बरोबरच आहे. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. फवारा आत गेला तरी त्यातलं बरंचसं पेट्रोल इनटेकच्या आणि सिलिंडरच्या थंड भिंतींना चिकटून राहतं, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्तीचं सोडतं. ऑइल घट्ट असतं, सगळं जड फिरतं, अशा वेळी ७५० वर इंजिन घुटमळून बंद पडेल. शिवाय एक्झॉस्टमधला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५०-३०० अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही. तो लवकर तापावा म्हणून ईसीयू ठिणगी मुद्दाम उशिरा देतं आणि रेस चढी ठेवतं. कूलंट (इंजिनात फिरणारं गार करायचं पाणी) तापेल तसा आरपीएम उतरत जातो आणि पूर्ण गरम झाल्यावर ७००-८५० वर बसतो. (हल्ली प्रत्येक गोष्टीचं खापर पेट्रोलमधल्या इथेनॉलवर फोडतात. इथेनॉलला वाफ व्हायला जास्त उष्णता लागते हे खरं, पण ग्वाल्हेरच्या थंडीत २० टक्क्यांनी गाडी अडत नाही.)

आता मुरारला पोहोचूनही ११०० म्हणजे ईसीयूच्या मते इंजिन अजून थंडच आहे. एकतर ते खरंच थंड आहे, नाहीतर कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलतोय.

मी पहिल्यावर पैज लावीन. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. गाडी तापली की बरेच मिस्त्री पहिलं काम करतात ते थर्मोस्टॅट काढून फेकायचं. वर सांगतात, "अरे साहब, ये ठंडे मुल्क की चीज है, अपने यहाँ क्या काम!" जानेवारीत कोहऱ्यात हातमोजे घालून स्कूटर चालवणाऱ्या गावात हे ऐकायला मजाच वाटते. थर्मोस्टॅटचं काम एवढंच की इंजिन साधारण ८२-८८ अंशांना पोहोचेपर्यंत रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवायची. तो काढला की पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरमधून फिरतं. जूनमध्ये हे लक्षात येत नाही. जानेवारीत समोरून गार वारा लागतो आणि कूलंट ५०-६० वरच अडकून बसतं. ईसीयूच्या दृष्टीने वॉर्म-अप संपतच नाही: जास्तीचं पेट्रोल चालू, रेस चढी, अ‍ॅव्हरेज खाली. न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं, ते नुकसान वेगळंच. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. खाली मलईसारखा पिवळट थर असेल तर बहुधा इंजिनातली पाण्याची वाफ बाहेर पडत नाहीये.

गंमत म्हणजे उन्हाळ्यातही याचा फायदा होतोच असं नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट कायम उघडी राहते आणि थोडं पाणी रेडिएटरला न शिवताच परत फिरतं. गाडी तापण्याचं मूळ कारण बहुधा धुळीने बुजलेला रेडिएटर, न फिरणारा पंखा, किंवा बोअरचं पाणी भरभरून आत साचलेला क्षार असतं. ते तसंच राहिलेलं असतं.

खात्री करायला खर्च नाही. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करा आणि बॉनेट उघडून रेडिएटरची वरची जाड नळी चाचपत राहा. पंखा स्वतःहून सुरू होऊ शकतो, म्हणून हात आणि मफलर दोन्ही जपून, आणि रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट ठीक असेल तर नळी बराच वेळ गार राहते आणि मग एकदम गरम होते. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेली तर आत थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडा अडकलाय. केबिनचा हीटरही कोमटच वारा देत असेल, तेही बघा.

कुणाकडे ओबीडी स्कॅनर (ईसीयूमधले आकडे वाचणारं यंत्र) असेल तर आणखी सोपं. सेल्फ मारायच्या आधी फक्त इग्निशन ऑन करून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे जवळपास सारखे आणि बाहेरच्या तापमानाएवढेच हवेत. हवा ६ आणि कूलंट त्याहून खूपच वेगळं दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर बघा, ते काम किरकोळ आहे. आकडे जुळले, पण झाशी रोडला सरळ पळवूनही कूलंट ६० च्या वर जाईना, तर थर्मोस्टॅटच. मग बहुधा स्कॅनरवर पी ०१२८ हा, इंजिन पुरेसं तापत नसल्याचा कोडही सापडेल. नवीन थर्मोस्टॅट ओरिजिनलच घ्या, सोबत कूलंट बदला, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं.

थ्रॉटल बॉडी इतक्यात बदलू नका. कार्बन साचला असेल तर आरपीएम बहुधा गरम इंजिनातही खाली-वर नाचतो किंवा सिग्नलला गाडी बंद पडते, आणि तेव्हाही आधी साफ करून बघायची. फाटलेल्या व्हॅक्यूम नळीनेही आरपीएम चढतो, पण मग सहसा हिस्स असा आवाज येतो.

काकांचा स्क्रू कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. तेव्हा चोक ओढायचा, दहा मिनिटं गाडी गुरगुरत ठेवायची, सगळं बरोबर होतं. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलचा स्टॉप-स्क्रू कारखान्यातच बसवून दिलेला असतो. तो फिरवला तर ईसीयूचा हिशेब बिघडतो आणि नवा आजार जडतो. दहा मिनिटं उभी ठेवायचीही गरज नाही. अर्धा-एक मिनिट, मग निघायचं, आणि तापमानाचा काटा वर येईपर्यंत आरपीएम २०००-२५०० च्या आत. उभ्या गाडीपेक्षा असं हळू चालवताना इंजिन लवकर तापतं. वाड्याच्या बंद चौकात किंवा शटर ओढलेल्या गॅरेजात मात्र एक मिनिटही नको. थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो आणि त्याला वास नसतो.

आधी जूनचं बिल शोधा, त्यावर थर्मोस्टॅट लिहिलाय का बघा. मग नळीचा निकाल इथे टाका.