वाचक विचारतात: जुगाराच्या टॅक्सवर रस्ते बांधायचे का?

प्रश्न: माझ्या भावाने हापूसच्या सीझनसाठी दलालाकडून घेतलेली उचल मोबाईलवरच्या रमीत घालवली. ते ॲप बंद पडलं तर आता टेलिग्रामवर मिळालेल्या कुठल्यातरी बाहेरच्या साइटवर खेळतो. आणि आमचे थोरले दीर म्हणतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरची बंदीच चुकली, सरकारचे हजारो कोटी बुडाले, गोव्यासारखं लायसन देऊन टॅक्स घ्यायला हवा होता. त्यांचं बरोबर आहे का?
– एक वाचक, देवगड

उत्तर: ताई, दिरांचा आकडा खोटा नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडू भरेल त्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला आणि अर्थमंत्र्यांनीच सांगितलं होतं की सहा महिन्यांत वसुली १,३४९ कोटींवरून ६,९०९ कोटींवर गेली. जिंकलेल्या पैशावर ३० टक्के इन्कम टॅक्स तो वेगळाच. पण ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा आणताना केंद्र सरकारचाच अंदाज होता की लोक या खेळांत वर्षाला साधारण २०,००० कोटी गमावतात. टॅक्स एका जागी जमा होतो म्हणून दिसतो हो, गमावलेले पैसे घराघरातून जातात, ते कुठल्या बजेटात दिसणार?

आणि तो टॅक्स काही आभाळातून पडत नव्हता, तुमच्या भावाच्या उचलीतूनच जात होता. तीच उचल फवारणीला, खताला, पेट्यांना गेली असती तर औषधांवर जीएसटी सरकारला मिळालाच असता, शिवाय कामगारांची मजुरी देवगडच्याच बाजारात फिरली असती. आता आंब्याचं कलम तसंच राहिलं, दलालाचं देणं डोक्यावर आणि पुढच्या सीझनला तो सांगेल तो भाव.

गोव्याचं उदाहरण मात्र दिरांनी नीट बघावं. मांडवी नदीतल्या बोटींवरच्या कॅसिनोंचा महसूल गोवा घेतो, पण फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोंयकारांना तिथे खेळायला बंदी आहे! म्हणजे उत्पन्न हवं पण नुकसान दुसऱ्याच्या घरात व्हावं, असा तो हिशेब आहे, आणि त्या दुसऱ्यांत आपले बांदा-सावंतवाडीकडचे लोकही आले. मोबाईलवर असली हद्द घालताच येत नाही, बोटीवर निदान उठून जावं लागतं, मोबाईल तर उशाशीच असतो आणि हरणारं घर आपल्याच राज्यातलं. आपल्याकडेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. तेव्हा महाराष्ट्राने या पैशावर पाणी सोडलं ते मला पूर्ण पटलेलं आहे.

दिरांचा एक मुद्दा मात्र खरा, बाहेरच्या साइटवर पैसा जातोच आणि त्यातला टॅक्सही येत नाही. म्हणून परत लायसन द्यायचं का? तर नाही, लोकांकडून भाड्याने घेतलेल्या ज्या बँक खात्यांतून हे पैसे फिरतात ती पकडायला हवीत आणि ते काम अजून फार कमी पडतंय. पण जाहिराती हटल्या, क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम ११ या ॲपचं नाव गेलं, त्याने नवीन पोरं कमी ओढली जातील हे माझ्या दृष्टीने महसुलापेक्षा मोठं.

आता भावाचं. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने लपवू नका, साइटने पैसे अडकवले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर तक्रार करा. जुगाराची सवय हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे, शिव्या घालून तो जात नाही, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, मराठीतही बोलता येतं, पहिला फोन तुम्हीच लावून द्या. त्याचं कर्ज गुपचूप फेडू नका, घरात सगळ्यांसमोर आकडा मांडा, आणि पुढची उचल वहिनींच्या खात्यावर टाकायला दलालाला आत्ताच सांगून ठेवा.